उरलेली अर्धी नळी

आजच्या सभेच्या अध्यक्ष आणि आपल्या संस्थेच्या संचालक महोदया, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या आमच्या ताई, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान व लेक, आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

विभागप्रमुख म्हणून मला पाच मिनिटं मिळाली आहेत. ताईंनी घड्याळ लावलंच असेल, सवयच आहे त्यांना.

पाहुण्यांसाठी थोडं सांगते. आपल्या शरीरातल्या पहारेकरी पेशींवर शत्रू ओळखणारं एक प्रथिन असतं. संशोधनासाठी ते आम्ही दुसऱ्या पेशींकडून बनवून घेतो. दिसायला? निव्वळ पाणी! पण तोरा असा, की विचारू नका. गदागदा हलवलं, फेस आला, की बिघडलं. एकदा वितळलं की पुन्हा गोठवायचं नाही. म्हणून ताई ते चिमुकल्या नळ्यांत वाटून उणे ऐंशी अंशांवर ठेवायच्या. काढलेली नळी त्याच दिवशी वापरायची, उरलं तर फेकायचं. पाठीमागे आम्ही त्यांना बर्फबाई म्हणायचो. हसू नका ताई, तुम्हाला ठाऊक होतं!

मी तेव्हा नवीन होते. आमच्या घरी उरलेलं कधी टाकत नसत. आई म्हणायची, "झाकून ठेव, उद्या होईल." एका दुपारी माझ्या हातात अर्धी नळी उरली. महिनाभर खपून बनवलेलं प्रथिन टाकायचं? जीव होईना. झाकण लावलं आणि नळी गुपचूप पुन्हा फ्रीजरमध्ये जागेवर ठेवून दिली.

पुढे तीच नळी घेऊन एका सहकाऱ्याने चाचणी लावली. प्रथिनाने आपला जोडीदार पकडला की तबकडीतल्या खळग्यांत पिवळा रंग चढतो. तो चढलाच नाही. तीन महिने जमवलेले रुग्णांच्या रक्ताचे नमुने त्यात संपले. ताईंनी प्रत्येकाला विचारलं, "नळी कोणी परत ठेवली होती का?" मी म्हणाले, "नाही ताई."

संस्थेच्या चौकशी समितीने शेरा मारला, साठवणुकीत हलगर्जी. साठवणूक ताईंची. त्यांच्याकडून चाचणीचं टेबल काढून घेतलं आणि चौदा वर्षं त्या नुसत्या फ्रीजरच्या नोंदी करत राहिल्या. नळी कशी धरायची हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

ताई, बसा. खुणा करू नका, आज मी ऐकणार नाही.

परवा त्यांच्यापुढे कबूल केलं, तर म्हणाल्या, "अगं, मला त्याच आठवड्यात कळलं होतं. डब्यातलं उरलेलंसुद्धा घरी परत नेणारी इथे तूच एकटी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी नोकरी कायम व्हायची होती. माझी झालेली होती."

माझी लेखी कबुली मी आज सकाळी अध्यक्षांकडे दिली आहे. पण कागद फायलीत जाईल, म्हणून इथेही बोलले. बाळ, तू शाळेत होतीस तेव्हा ऐकलंस, की आईच्या हातून घोळ झाला. तो माझ्या हातून झाला. तुझ्या आईच्या हातून एकही नळी बिघडलेली नाही.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायची रीत आहे. माझ्या आजच्या बोलण्यात काही चुकलेलं नाही. चुकलं ते चौदा वर्षांपूर्वी "नाही ताई" म्हणाले तेव्हा. ताई, त्याची क्षमा मागते.