कोरडा घट

काय सांगू तुम्हाला, आमचं घर गुरवाचं. कुंभारीच्या शिवेवर खंडोबाचं देऊळ, तिथली पूजा वडलांनंतर माझ्याकडं आली. धाकटा भाऊ सोलापुरात गिरणीत लागला, मी मराठी चौथी शिकून देवापाशी राहिलो. मला सगळं मोजायची सवय, उदबत्ती किती वेळ जळते तेसुद्धा मोजायचो, बायको हसायची.

तर देवळाची भिंत खचली आणि गाभारा नव्यानं बांधायचा ठरला. तेव्हा जोशीबुवांनी मंत्र म्हणून देव मूर्तीतून काढला आणि पाण्याच्या घटात घेतला. म्हणाले, आता मूर्ती नुसता दगड, देव ह्या पाण्यात, पाणी आटलं तर देव गेला समज. घट आमच्या घरी ठेवला. मातीचाच घट, झिरपणारच की. रोज दीड बोट पाणी कमी व्हायचं, रोज तेवढं मी घालायचो.

चैत्र लागला आणि मोडनिंबहून सांगावा आला, तिथं दिलेली लेक बाळंतपणात अडलीय. मी हिशेब केला, घटात नऊ बोटं पाणी, सहा दिवस पुरेल, शिवाय घरी बायको आहे. पण हिशेब फाल्गुनातला, आणि त्याच आठवड्यात ऊन चढलं. लेक सुटली, मी पाचव्या दिवशी परत आलो, तर घट ठणठणीत कोरडा. बायको म्हणाली, अवं, तुमी गेला आन् दुसऱ्याच दिवशी मी बाजूला बसले, विटाळात देवाला हात कसा लावू, आन् गुरवाबिगर दुसऱ्या कुणी शिवायचं न्हाय. तिचं काय चुकलं? मी गुपचूप घट भरला. आठ दिवसांनी त्याच पाण्यानं प्रतिष्ठा झाली, गाव जेवलं, मी बोललो नाही.

पुढं गावातल्या राणू आणि शिदाप्पाचा शेताच्या बांधावरून तंटा लागला. शिदाप्पानं देवापुढं बेलभंडार उचलून शपथ घेतली, बांध माझाच, खोटं असंल तर माझं एकुलतं पोर जाईल. बेलभंडार उचलला की तंटा मिटला, ही आमची रीत. राणूनं बांध सोडला.

वर्ष झालं, पोर धडधाकट. राणू माझ्याकडं आला, म्हणाला, गुरवमामा, खरं सांगा, देव आत हाय का न्हाय? तुमी हाय म्हणालात तर मी खोटा, बांध आपला म्हणून सांगून मेलेला माझा बाप खोटा.

दुसऱ्या दिवशी चावडीत पंचांपुढं मी सगळं सांगितलं, किती बोटं, किती दिवस, सगळं. मग शिदाप्पा एकदम हसायलाच लागला, मांडीवर थापा मारायला लागला. म्हणाला, म्हंजी आत कोणच नव्हतं? आरं मग पोराला काय हुत न्हाय! वरीसभर त्याला नुसता खोकला आला तरी मी रातभर उशाशी बसून ऱ्हातोय की ओ! बोलून गेला आणि हात मांडीवरच राहिला. पाटील म्हणाले, शिदाप्पा, बांधाचं आता आमी इचारायचं का तूच सांगतूस? त्यानं मान खाली घातली. बांध राणूला मिळाला.

जोशीबुवांनी प्रतिष्ठा पुन्हा केली. पूजा पंचांनी चुलतभावाकडं दिली, ते बरोबरच झालं. मी पायरीला हात लावून माघारी येतो. लोक अजून विचारतात, मामा, तवा देव खरंच गेला हुता का? मी सांगतो, घट कोरडा होता एवढं मी पाहिलं, पुढचं बुवांना विचारा. आता तुम्ही एवढं लांबून आलात, ऐकून घेतलंत, देव तुमचं बरं करो, कुठंही असला तरी.