एकास एक

ताई : लिहिलंस?

चिमी : लिहिलं. एक पॉइंट एक. ताई, पाच वेळा तेच लिहून झालं. रविवारची दुपार आहे, ओले कपडे बादलीत तसेच टाकून आलेय मी. काय परीक्षा घेतेयस माझी?

ताई : वायरलेसचा डायल अजून वर घे. बँडच्या पार टोकाला. मी बटण दाबते, तू काटा वाच.

चिमी : एक पॉइंट एक. झालं समाधान? लोक देव पाण्यात घालून बसतात असा काटा यावा म्हणून.

ताई : आता बँड बदल. वीस मीटरवर ने.

चिमी : वीसवर कशाला? गच्चीवरची तार चाळीस मीटरच्या लहरींची आहे.

ताई : म्हणूनच ने.

चिमी : तिथं नाही जुळायची ती.

ताई : नाहीच जुळायची. आपण पाठवलेलं जवळजवळ सगळं माघारी यायला हवं आणि काटा उजवीकडे जाऊन आपटायला हवा. ने.

चिमी : उगाच सेट जळेल तुझा.

ताई : पॉवर अगदी कमी ठेवलीय. बदल बँड.

चिमी : बदलला.

ताई : वाच.

चिमी : एवढ्या लांबून नीट दिसत नाही.

ताई : खुर्ची पुढे घे.

चिमी : एक पॉइंट एक.

ताई : लिही. तारीख घाल, तेवीस. बारा वर्षांची होतीस तेव्हा या टेबलाखाली बसून विचारलं होतंस, हा एसडब्ल्यूआर एसडब्ल्यूआर म्हणतात तो काय. मी काय सांगितलं होतं?

चिमी : वर पाठवलेल्यातलं किती माघारी आलं, त्याचं माप. एकास एक म्हणजे काहीच माघारी आलं नाही.

ताई : पुढचं?

चिमी : पुढचं नाही आठवत.

ताई : माघारी आलं नाही म्हणजे बाहेर गेलं, असं समजायचं नाही. वाटेत कुठं जिरलं का, ते बघायचं. आपली तार अकरा वर्षं बँडच्या मधे सव्वा आणि दोन्ही टोकांना दोन दाखवत आलीय. मागची पानं चाळ. एकही पान सरळ नाही. आणि आज ती सगळ्यालाच मान डोलावतेय, जिथं तिचा काही संबंध नाही तिथंसुद्धा.

चिमी : केबलमध्ये पाणी गेलं असेल. तूच म्हणायचीस, केबल भिजली की सगळं आतच मुरतं आणि मीटर खोटा चांगला दिसतो.

ताई : हे बरं आठवलं.

चिमी : मग तसंच असेल. पुढच्या रविवारी वर जाते, नवी केबल ओढून देते. आता निघू का? हे वाट बघत असतील.

ताई : बस. केबल भिजली असंच मीही मानलं असतं. पण काल ठरवलं, हा सेट शाळेला देऊन टाकायचा. आता बोलायचंय कुणाशी? द्यायच्या आधी तपासावा म्हणून खालच्या कपाटातला डबा काढायला गेले.

चिमी : कसला डबा?

ताई : चिमे.

चिमी : नाही, घरात डबे काय कमी आहेत?

ताई : रंगाचा रिकामा डबा. आत पन्नास ओहमचा रेझिस्टर, वरपर्यंत तेल. झाकणाला भोक तू पाडलंस आणि अंगठा कापून घेतलास, अजून वण आहे. सेट त्याला जोडला की सेटला वाटतं, वर उत्तम तार आहे. मीटर खूश. आणि सगळं बोलणं त्या तेलात जिरतं, बाहेर कुणाला चकार शब्द जात नाही. कुणाला त्रास न देता सेट तपासता यावा म्हणून केला होता आपण तो. फळीवर डबा नाही. तेलाचा गोल डाग आहे आणि भोवती धूळ.

चिमी : आईनं दिला असेल भंगारात.

ताई : आईला पायातली चप्पल वाकून काढता येत नाही. डबा कुठं आहे ते ठाऊक आहे मला. सकाळी गच्चीवर गेले होते.

चिमी : ह्या गुडघ्यानं? कुणी सांगितलं होतं तुला?

ताई : बसत बसत गेले. एकेक पायरी. पाण्याच्या टाकीमागे आहे. तार वर मोकळी लोंबतेय आणि केबलचं टोक डब्यात. पाऊस आत जाऊ नये म्हणून वर पत्राही ठेवलायस, विटेखाली. आणि चिकटपट्टीचं टोक दुमडलंय, पुढच्या वेळी सोडवायला सोपं जावं म्हणून. ती सवय मीच लावली तुला.

चिमी : सगळं ठाऊक होतं, तर हे आकडे कशाला लिहून घेत बसलीस?

ताई : वाटलं, दुसऱ्या तिसऱ्या आकड्याला तरी तोंड उघडशील. वीस मीटरवर नेलं तेव्हा तर खात्रीच होती मला. तू केबलमध्ये पाणी भरलंस.

चिमी : ताई, ऐक.

ताई : वहीत चार तारखेपासूनची पानं वाच. मोठ्यानं.

चिमी : नको.

ताई : मग मी वाचते. चार तारीख, सकाळी साडेसहा. बेटाचा आवाज स्वच्छ. मी तीनदा उत्तर दिलं. त्यांना ऐकू गेलं नाही. पाच तारीख, तेच. सहा तारीख, तेच. अशी दहा पानं आहेत. ऐकायची तार माझी खिडकीतली, वेगळी. लिफ्टची खरखर नको म्हणून वेगळी केली होती. त्यामुळे मला त्यांचं सगळं ऐकू येत होतं. मी मात्र डब्यात बोलत होते.

चिमी : मला वाटलं, दोन दिवस हाका मारून सोडून देतील ते.

ताई : चार वर्षं रोज सकाळी बोललेला माणूस दोन दिवसांत सोडून देईल? बेटावर एकटे, वेधशाळेचे आकडे घेत बसलेले. फोन नाही, बोट महिन्यातून एकदा. तीन तारखेला म्हणाले, बदली झालीय, पंधराच्या बोटीनं निघतोय. बोट दोन दिवस तुमच्या बंदराला लागते. उतरू का, एवढंच सांगा. जगाला ऐकू जाईल अशा ठिकाणी त्यांनी एवढं विचारलं, आणि मी चौपन्न वर्षांची घोडी, लाजले. म्हटलं, उद्या सांगते. आणि धावत जाऊन पहिलं कुणाला सांगितलं?

चिमी : मला.

ताई : तू चहा गाळत होतीस. गाळणं तसंच ठेवून मला मिठी मारलीस.

चिमी : ती खरी होती. शपथ, ताई. तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं.

ताई : आणि त्याच संध्याकाळी वर गेलीस. वारा सुटलाय, तार बघून येते म्हणालीस. मी तुला टॉर्च दिला.

चिमी : कधी डोळ्यांनी न पाहिलेला माणूस. नुसता आवाज. कसा आहे, काय आहे, कुणाला ठाऊक? तुझं काही वाईट झालं असतं तर?

ताई : तर माझं झालं असतं. चिमे, तू नुसती केबल कापली असतीस तर काटा त्याच सकाळी उजवीकडे आपटला असता. मी कुणाला तरी वर चढवलं असतं, दुपारपर्यंत तार जोडून झाली असती. हे तुला माहीत होतं म्हणून डबा लावलास. मी शिकवलेलं वापरलंस माझ्यावर. रोज तुला बोलावून विचारत होते, बाई गं, बघ काय बिघडलंय. रोज वर जाऊन येत होतीस. आणि आठव्या दिवशी काय म्हणालीस, आठवतंय?

चिमी : नको ना.

ताई : म्हणालीस, ताई, मीटर एकास एक दाखवतोय. आपल्याकडं काही दोष नाही. त्यांना ऐकायचंच नसेल. मी मानलं ते. मीटरवर विश्वास, तुझ्यावर विश्वास, मग राहिले कोण खोटे? तेच. चौदा तारखेला ते म्हणाले, तुमचं न बोलणं समजलो, राग नाही, सुखात राहा. आणि मी त्यांच्यावर रागावून बटणही दाबलं नाही. त्या दिवशी मुद्दाम गप्प बसले.

चिमी : मी आईसाठी केलं. तू गेलीस तर आईचं काय? तिला रात्री दोनदा उठवावं लागतं, औषधं, पाय चोळणं. तिला तुझ्याच हाताची सवय.

ताई : आईचं नाव घेऊ नकोस.

चिमी : का घेऊ नको? तिला कोण बघणार होतं?

आई : कोण बघणार कुणाला? भिंतीपलीकडे झोपू देत नाही तुम्ही. एक कान गेलाय माझा, दुसरा शाबूत आहे.

ताई : तू कशाला उठलीस? काठी कुठंय?

आई : ही काय. सरक चिमे, बसू दे. का गं, ते बेटावरचे हल्ली सकाळी येत नाहीत? रोज वारा कुठला ते सांगायचे. मला त्याचं काय करायचं होतं, पण बरं वाटायचं. बापडा उतरणार होता ना?

ताई : तुला कुणी सांगितलं?

आई : सांगायला कशाला हवं? पातळ भिंत आहे. तू उद्या सांगते म्हणालीस तेव्हाच मला हसू आलं. मी त्याच दुपारी चिमीला म्हटलं.

चिमी : आई, तू आत जाऊन पड बघू.

ताई : काय म्हटलंस, आई?

आई : म्हटलं, ताईला जायचं असेल तर जाऊ दे. मला तुझ्याकडे ने. खिडकीची खोली नको मला, जिन्याजवळची चालेल. माझं काही अडत नाही. तुला बोलली नाही का ही?

ताई : नाही.

आई : विसरली असेल. पोरंबाळं, घरकाम. काय गं चिमे, रडतेस कशाला?

चिमी : मला जमणार नव्हतं, ताई. हे बघ, खरं सांगते. ह्यांनी आधीच सांगून ठेवलंय, आई दोन दिवस पाहुणी म्हणून ठीक. मुलांच्या परीक्षा, दोन खोल्या. आई म्हणाली मला ने. हो म्हणवेना, नाही म्हणवेना. म्हणून वर गेले. बोट गेली की डबा काढून टाकणार होते. ती गेल्यावर रोज ठरवायचे, आज काढू. तुझा चेहरा बघितला की जिना चढवत नव्हता.

ताई : मला येऊन सांगायचं होतंस. आईला नेत नाही, एवढं तीन शब्दांत सांगायचं होतंस. मी त्यांना म्हटलं असतं, तुम्हीच उतरा आणि इथंच राहा. चौथी खुर्ची रिकामीच आहे घरात.

आई : कुणी उतरायचं राहिलं का?

ताई : हो, आई. राहिलं. चिमे, ऊठ. डबा काढ, तार जोड. पट्टीचं टोक दुमडू नकोस.

(चिमी गच्चीवर जाऊन अर्ध्या तासानं परत येते.)

चिमी : जोडली. बँड परत चाळीसवर आणलाय. मधे बघू?

ताई : टोकाला बघ.

चिमी : दोनच्या थोडा वर.

ताई : लिही. आणि खाली सही कर.

चिमी : ताई, त्यांच्या वेधशाळेच्या खात्याला पत्र टाकू आपण. कुठं बदली झाली ते सांगतील. मी लिहिते, सगळं माझ्या नावावर घेते.

ताई : पत्र मी टाकणार आहे. तुझं नाव कसं घालायचं, ते मात्र सुचत नाहीये. माझ्या बहिणीनं माझं तोंड तेलात बुडवलं, असं परक्या माणसाला लिहू?

चिमी : आईला मी नेते. उद्याच नेते. ह्यांच्याशी भांडते हवं तर.

ताई : आता? आता तिला नेलंस तर मी सकाळी उठून कुणाशी बोलू?

आई : मी कुठं जात नाही. मला चहा कुणी देणार आहे का?

ताई : देते, आई. चिमे, गच्चीची किल्ली टेबलावर ठेव.

चिमी : आणि वाऱ्यानं तार तुटली तर? वर कोण चढणार?

ताई : मी. बसत बसत.