कालव्यात बुडालेले तायाजी

नाही, नाही, तायाजी, काठी खाली ठेवा आधी. मेलेल्या माणसाने इतकं चिडायचं नसतं — गंमत केली हो, गंमत! बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, इकडे बाकावर. लस्सी मागवू? चहा? बरं, राहिलं. हे बघा, मी मास्टर हरबन्स, अख्ख्या मोगा शहरात माझ्या इंग्रजीच्या क्लासचं नाव आहे. "मुलीला परीक्षेत बँड कमी पडले, मार्क कमी आले" म्हणून लोक भांडायला येतात, "मास्टर, पोरगा अजून यस-नोच्या पुढे जात नाही" म्हणून येतात — पण "मला जिवंत करा" म्हणून? तुम्ही पहिलेच.

हो, तुमचंच नाव घातलंय उत्तरात. मुख्तियार सिंग, सगळ्या गल्लीचे तायाजी म्हणजे थोरले काका, म्हैस, कालवा, सगळं तुमचंच. नाही कुठे म्हणतोय मी? पण का घातलं ते तरी ऐकाल? कॅनडाला जायचं म्हणजे इंग्रजीची परीक्षा. परीक्षेत समोर बाई बसते. बाई म्हणते, तुम्हाला ज्याच्याबद्दल आदर वाटतो अशा एका माणसाविषयी बोला. आता आपली पोरं काय बोलणार? "माझे वडील. ते चांगले आहेत. ते फार चांगले आहेत." खलास! मग बसा पंख्याकडे बघत. म्हणून मी उत्तर तयार करून देतो, पोरं घोकतात. आणि वरचे बँड हवेत तर त्यात काय लागतं? झणझणीत वाक्यं लागतात! "आनंद झाला" म्हणून भागत नाही, "ओव्हर द मून" म्हणायचं, म्हणजे चंद्राच्याही वर. क्वचित कधी काही झालं तर "वन्स इन अ ब्लू मून", निळा चंद्र. का? ते मला नका विचारू, त्या इंग्रजांचं चंद्राशी काहीतरी आहे. पण सगळ्यात वजनदार कुठलं माहितीये? हळहळीचं वाक्य! "हॅड ही लर्न्ट टु स्विम" — त्यांना पोहता आलं असतं, तर आज ते आपल्यात असते. एवढं न अडखळता म्हटलं, आणि शेवटी आवाज जरा ओला केला, की बाईने पेन उचललंच समजा. आता तुम्हीच सांगा, माणूस जिवंत ठेवून हे कसं म्हणायचं? मी प्रयत्न केला, वाहेगुरूची शपथ — आधी तुमचा नुसता पाय मोडला होता. नाही जमलं. पायातून तेवढी हळहळ निघत नाही.

हो हो, माहितीये, बुडती म्हैस वाचवताना तुम्ही गेलात, तसं घडलंच नाही. म्हैस बुडत नव्हती, तुम्ही बुडत होता, आणि म्हशीची शेपटी धरून बाहेर आलात. पण पोरांनी काय सांगायचं बाईला — मला एका म्हशीबद्दल आदर वाटतो? उलट मी तुम्हाला शूर केलं! तुमची उंची वाढवली, उत्तरात सहा फूट आहात तुम्ही. दोन बॅचा रडल्यात तुमच्यासाठी. आता सगळेच तेच सांगायला लागले, तिथे घोटाळा झाला, ते कबूल. तुमच्याच गल्लीतली किरणदीप — तिला बाईने मध्येच थांबवून विचारलं, हे कालव्यात बुडालेले काका मी सकाळपासून ऐकतेय, एकाच जिल्ह्यात इतके काका कसे बुडतात? पोरगी काय म्हणाली? "मॅडम, आमच्याकडे कालवे फार आहेत." वर म्हशींनाही दोष दिला. पास झाली! शाबास म्हटलं मी तिला.

पण आता तुमच्या सूनबाईला रोज कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून रडके फोन येतात, त्यात माझा काय दोष? पोरं तिकडे गेली, तिकडे जाऊनही त्यांच्या तोंडातून तेच येतं. स्वतःच्या आईचा वाढदिवस विसरतील, तुमचा मृत्यू नाही विसरणार. तिकडच्या गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये कुणी म्हातारा सहज विचारतो, बेटा, कुठल्या गावचा? यांचं सुरू — "देअर लिव्ड इन माय व्हिलेज अ ब्रेव्ह मॅन." पुढचं सगळं एका दमात, डाळ वाढेपर्यंत तुम्ही बुडालेले. असं थोडंच ठरवून करतं कुणी? मी तर कुणाला मुद्दाम सांगायला गेलो नाही. एक तुमचा अजायब सोडला तर मी कुणालाही —

काही नाही. खोकला आला. कुठला अजायब? मी अजायब म्हटलं? अजब म्हटलं असेन. अहो, काठी कशाला उचलता परत!

बरं, सांगतो. बसा. बसा म्हणजे सांगतो. त्याने फोन केला होता, तिकडून कॅनडातून, तुमच्या धाकट्या भावाने. कुठल्या तरी पोराने त्याला क्लासचा नंबर दिला. म्हणाला, मास्टरजी, माझा भाऊ गेला हे खरं का? मी काय करणार, तायाजी? नेमके समोर नव्या मुलींचे आईबाप बसलेले, आणि नुकतंच मी त्यांना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की आमच्याकडची सगळी उत्तरं शंभर टक्के खऱ्या घटनांवर! मी म्हटलं... मी म्हटलं, हो जी, फार शूर होते.

काय म्हणाला म्हणजे? रडला. नाही, नुसता हुंदका नाही, लहान मूल रडतं तसा रडला. म्हणाला, एका कांबळ्यासाठी, मास्टरजी, एका कांबळ्यासाठी! मुलीच्या लग्नात वऱ्हाडाच्या स्वागताला मी भावाला पुढे केलं नाही, मेहुण्याला केलं, मानाचं कांबळं मेहुण्याच्या खांद्यावर पडलं, आणि भाऊ न जेवता उठून गेला, तो कायमचाच. मी त्याच्या मागे गेलो असतो तर. दारापर्यंत जरी गेलो असतो तर. पोरांना मी हेच वाक्य शिकवतो, तायाजी, महिना महिना घोकून घेतो, आवाज कुठे खाली आणायचा ते हाताने दाखवतो, तरी त्यांना जमत नाही. आणि तुमचा अडाणी अजायब आपल्या साध्या पंजाबीत बोलला, तर मीच चष्मा काढून पुसला. समोरचे आईबाप बघत होते, मी त्यांना म्हटलं, हे बघा, हे असं आलं पाहिजे.

काही बोलू नका तुम्ही, प्या पाणी. मलाही वाईट वाटतं. त्याने तिकडे गुरुद्वाऱ्यात तुमच्या नावाने पाठ ठेवला, कडाप्रसाद वाटला. आणि — आता सांगतोच आहे तर सगळंच सांगतो — तो येतोय. रविवारी. तुमच्या दारात येऊन बसायचं म्हणतोय, मोठ्या भावाच्या अंगणात. नवं कांबळं घेतलंय म्हणे त्याने, खांद्यावर घालायला नाही, तुमच्या फोटोला घालायला. त्याला कसं समजावायचं, फोटोला हार घालतात!

तर माझं म्हणणं असं की मी चूक सुधारतो. आत्ता. हा फोन, हा नंबर. अजायबलाच लावतो आणि म्हणतो, बाबा रे, भाऊ माझ्यासमोर बाकावर बसलाय, धडधाकट, काठी आपटतोय. उत्तरातही तुम्हाला कालव्यातून बाहेर काढतो, तुमच्याऐवजी दुसरं कुणीतरी बुडवतो, मेलं ते बँड. लागतोय हां फोन, वाजतोय तिकडे... अहो! अहो, ओढता काय असा? कापला ना फोन! मघाशी तर जिवंत करा, जिवंत करा म्हणून बोंब मारत होता.

काय? परत बोला. हळू का बोलताय, इथे कोण आहे?

रविवारपर्यंत मेलेलंच राहू दे?

जिवंत आहात कळलं तर तो तिकीट रद्द करेल, म्हणता? आणि तुम्ही? तुम्ही स्वतः लावून पाहिला असता फोन इतक्या वर्षांत तर... बरं, नाही बोलत. डोळे पुसा. माझा रुमाल घ्या, धुतलेला आहे. ऐका, मग नीट मेलेलं राहावं लागेल. घरचा फोन उचलायचा नाही. बाजारात हिंडायचं नाही. सूनबाईंना सांगा, कुणी रडलं की त्यांनीही थोडं रडायचं. आणि रविवारी तो दारात आला की तोंडातून एक शब्द काढू नका, आधी खांदा पुढे करा.

चला, उठा आता. संध्याकाळची बॅच येईल, या पोरींनी तुम्हाला पाहिलं तर उत्तराचा सत्यानाश. मागच्या जिन्याने जा. आणि कठडा धरून उतरा, तायाजी, या चार दिवसांत खरंच मरू नका.