अप्पांची अन् मालकांची कुस्ती

मी मूळची संतपूरची. सुमन माझं नाव, पर गावात नावानं कुनी वळखतच नव्हतं, पैलवानाची सुमी म्हनायचे. माझे अप्पा पैलवान. आसा गडी की काय सांगू तुम्हाला ताई, दारात आले की आदी घरात अंधार पडायचा अन् मंग अप्पा दिसायचे. औरादच्या भागात एक जत्रा न्हाई, एक उरूस न्हाई जितं अप्पांची कुस्ती झाली न्हाई. मी आईसंगं बैलगाडीत उभी राहून बगायचे. अप्पांनी एकदा का समोरच्याची मान बगलंत धरली की संपलं, गडी आभाळाकडं बगत पडायचा. जिंकलेला नारळ माझ्या हातात द्यायचे अन् मी तो गावभर मिरवायचे.

मंग लगीन झालं, ते बी पैलवानासंगंच. आमचे मालक आळंदकडचे. पर हे नव्या टायमाचे पैलवान, मॅटवर खेळलेले, वाळके, चपळ. बगायला आले तवा अप्पांनी जावयाचा दंड दाबून बगितला अन् आत येऊन आईला म्हनले, पोरगं गुनाचं हाय, पर ह्येला पैलवान कुनी केलं? तरी दिली मला. मालकांची कुस्ती बी मी बगितली, आळंदच्या जत्रंत, टेम्पोवर चढून. सलामी झाली न् झाली, हेनी वाकून समोरच्याचा पाय वडला बी. मंजी बगा, दोगांची बी कुस्ती भर जवानीत बगितलेलं मानूस आता मी एकलीच राहिले.

कुस्तीनं कुनाचं पोट भरलंय? मालक कोळारला गोदामात लागले, मी शेजारच्या कारखान्यात पाकिटं भराय जाते. पत्र्याचं का हुईना घर झालं, म्होरं अंगन झालं. समदं चांगलं चाललंतं, अन् आई गेली. अप्पा संतपुरात एकले. गुडगे गेलेले, भाकरी थापता येईना, एकदा चुलीपाशी पडले ते शेजारच्यांनी उचललं. मी म्हनलं, अप्पा, हितं या राहायला. तर म्हनायचे, लेकीच्या घरी बापानं दोन घास खावं अन् उठावं, राहू न्हाई. यायचे, कापडाची पिशवी खाटंखाली ठिवायचे, तिला कुनाला हात लावू द्यायचे न्हाईत, जेवले की औरादची बस धरायचे. बस गेली की मी रडायचे. आता पडले तर कोन उचलंल, हेच डोक्यात. मालकांना म्हनायचे, तुमी म्हना की राहा मनून. मालक म्हनायचे, मी म्हनलं तर मामा यायचं बी बंद करतेल, तू गप.

अन् एक दिस काय झालं, अप्पा जेवून हात धुयालते, तवर मालक मोबाईल घेऊन आले. मामा, हे बगा म्हनले. त्येच्यात दोन बॉक्सिंगवाले, हे आडवे गडी, एकमेकाला ठोसे मारायलेत. मालक म्हनले, ह्यो एक हाय ना, कवाच मेलाय, अन् ह्यो दुसरा तवा जलमला बी नव्हता, पर कंप्युटरनं दोगाला जवान करून लढवलंय. अप्पांनी मोबाईल डोळ्याला लावला. म्हनले, मेलेल्याला कामून तरास देयालेत रे? पर बगत राहिले. अन् मंग मालक हळूच म्हनले, मामा, तुमी पंचवीसचे अन् मी बी पंचवीसचा, संतपूरच्या जत्रंत आपली जोड लागली आसती तर?

अप्पा हसले की हो ताई! आई गेल्यापसून पयल्यांदा. म्हनले, पाव्हणं, तुमची हाडं गोळा कराय पोतं लागलं आसतं. मालक म्हनले, मामा, आदी घावलो तर पायजे तुमाला. झालं, जुंपली. मी हात असा घातला आसता, मी तसा निसटलो आसतो, आरं निसटायला काय मासा हायस व्हय. बस गेली, कुनाच्या ध्यानात न्हाई. दुसऱ्या दिवशी मालक कामावरून यायची वाट बगत अप्पा दारातच बसलेले, रातभर इचार केलाय म्हनले, तुमी पाय वडायला वाकलात की मान माझ्याच बगलंत येतीय.

आसं चाललं. एक दिस अप्पांनी माझी उशी जावई मनून बगलंत धरली अन् आवळली, समदा कापूस घरभर! मी तापले. अन् दोगं मलाच म्हनायलेत, तू दोगांची बी बगितलीस, तू पंच, तूच सांग. मी कापूस येचता येचता वरडले, सोडवली बरोबरीत, उठा दोगं बी!

अप्पा खरंच उठले. बरोबरीत सुटली मंजी संपली की, म्हनले, अन् खाटंखाली हात घालून पिशवी काढली. पंचाचा शबूद त्येंनी जलमात कवा मोडला न्हाई, आता कसं थांबवू? तर मालक दारात आडवे झाले. मामा, ही काय पंच हाय व्हय? हिला साधी उशी संभाळता येईना. आपली निकाली लागलीय, निकाली. एकाची पाठ टेकल्याबिगर आखाडा सोडायचा नसतंय, हे मी तुमाला सांगावं? अप्पांनी जावयाला खालवर बगितलं. मंग म्हनले, ते बी खरं हाय. अन् पिशवी परत खाली ठिवली.

त्येला आता दोन दिवाळ्या झाल्या. पिशवीतलं धोतर कवाच दोरीवर आलंय. मागं सुट्टीच्या दिवशी मी अप्पांच्या गुडग्याला तेल चोळत बसलते, तर म्हनले, सुमे, कोन जिंकलं आसतं ते तुला ठाव हाय, व्हय ना? म्हनलं, व्हय अप्पा, ठाव हाय. म्हनले, तर मंग सांगू नगंस. म्हाताऱ्याला राहा म्हनायला तोंड हुईना मनून जावयानं ही कुस्ती जोडलीया, मला का कळत न्हाई? गुनाचं हाय पोरगं, तवाच म्हनलतो. मी मान खाली घालून तेल चोळत राहिले, डोळ्यातलं पानी त्येच्यातच पडलं.

आता बगा, मालक यायची येळ झाली. आयका, खाटंवर बसूनच शड्डू ठोकायलेत अप्पा. तुमी बी जेवूनच जावा ताई, ज्वारीची भाकर हाय, तुरीचं वरन हाय. मला काय बी कमी न्हाई. देवाजवळ एकच मागनं हाय, दोगातल्या कुनाची पाठ लवकर मातीला लागू नगं.