चार बोटं

(सुरत, कतारगाम. दिवाळीच्या सुट्टीतला कापडाचा कारखाना. लूम बंद आहेत, म्हणून इथे आज माणसांचं बोलणं ऐकू येतंय.)

भटू : अजून आत घे पोट.

निंबा : घेतलंय.

भटू : हे आत घेतलेलं?

निंबा : हे आत घेतलेलंच आहे, भटू. बाहेर सोडलं तर तुझ्या अंगावर येईल.

भटू : मग आडवा हो. खेकड्यासारखा सरक. हां... जो ने, बघ, येतोय, येतोय...

निंबा : कुठे येतोय? लूमच्या बीमचं टोक बेंबीत रुततंय.

सुभद्राबाई : माय व! हाई काय शे? भटूभाऊ, माणूस आहे तो. गोणीत कापूस दाबावा तसे काय दाबताय?

भटू : वहिनी, तुम्ही दारातच थांबा ना. सगळीकडे तेल आहे, लुगडं खराब होईल.

सुभद्राबाई : बावीस वर्षं दारातच थांबले. डबा दिला की माघारी. आज आत येते. कुठे उभे असतात हे, ते तरी बघू दे एकदा.

भटू : या मग. पण मला दोष देऊ नका. मी मुकादम असलो तरी खडूची रेघ शेठची आहे. श्रावणात मारली. तेव्हाच सांगितलं की दिवाळीच्या सुट्टीत चार लूम नवे येणार, जागा आहे तेवढीच, वाट अरुंद होणार. जो ह्या वाटेतून चालेल त्याला आठ लूम. नाही चालणार त्याला कांडी मशीन, बसून सुताच्या कांड्या भरायच्या.

निंबा : कांडीवर मी सुरतेत आलो तेव्हा बसलो होतो. मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. आता पिकल्या मिशांनी परत तिथे बसू?

भटू : माझ्या मनात आहे का तसं? पण परवा लाभपाचम, कारखाना उघडायचा मुहूर्त. उद्या गवंडी येतो, रेघेवर उभ्या केलेल्या ह्या नव्या लूमचे पाय सिमेंटात बसवतो. आज नाव नक्की करायचंय. तीन महिने दिले होते ना तुला?

निंबा : दिले होते.

भटू : मग काय केलं तीन महिने?

सुभद्राबाई : काय केलं? माझ्याकडून ऐका. भात सोडला. साखर सोडली. रात्रीचं जेवण सोडलं. सकाळची भाकरी अर्धी, तीही कोरडी. लिंबायतहून इथे पायी यायचं, बारा तास उभं राहायचं, पायी माघारी जायचं. घरात कपाट भिंतीपासून एवढंच सरकवून ठेवलंय, शेठच्या मापाचं. रोज पहाटे त्याच्यात घुसून बघतात. एकदा अडकले तर पोरांनी ओढून काढलं.

निंबा : ते कशाला सांगतेस?

सुभद्राबाई : का नको सांगू? दिवाळीत मी करंज्या केल्या, सांजोऱ्या केल्या. ह्यांनी डब्याकडे पाठ करून झोप काढली. भाऊबीजेला बहिणीकडे गेले नाहीत, ती ताट भरल्याशिवाय सोडत नाही म्हणून. ती बिचारी आरतीचं ताट धरून वाट बघत बसली.

भटू : आणि वजन?

निंबा : दर रविवारी स्टेशनवर जातो, त्या मशीनवर उभा राहतो. श्रावणात शहाऐंशी होतं.

भटू : आता?

निंबा : चौऱ्याऐंशी.

भटू : दोनच किलो?

निंबा : दोनच. आणि तिकिटावर मागे काय छापून येतं माहीत आहे? लवकरच तुमची भरभराट होईल! अरे, झालीय भरभराट, तीच तर इथे अडकलीय.

भटू : हसू नको, निंबाभाऊ. तोंडावर बोलतो, राग मानू नकोस. गेल्या मंगळवारी मी तुला लोचोच्या लारीवर पाहिलं.

सुभद्राबाई : कुठे?

भटू : वेड दरवाजाजवळ. गरम गरम लोचो, वर तेल, वर शेव. हा तिथे उभा. अर्धा तास.

सुभद्राबाई : खाल्लं का हो?

निंबा : नाही.

सुभद्राबाई : एक घाससुद्धा?

निंबा : नुसता उभा होतो. वास घेत होतो. वासाने काही पोट वाढत नाही.

भटू : कोण मानेल हे? अर्धा तास माणूस लारीवर उभा राहतो आणि खात नाही?

निंबा : नको मानू. लारीवाल्यानेपण नाही मानलं. म्हणाला, काका, पैसे नसतील तर उद्या द्या. मी तिथून निघालो आणि घरापर्यंत पळत गेलो. पळत, भटू. ह्या अंगाने.

भटू : मग उतरत का नाही?

निंबा : ते मलाच कळलं असतं तर? डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, सगळ्यांची अंगं सारखी नसतात, तुमचं हळू उतरेल. चालणं सोडू नका, वर्षभर लागेल. मी म्हटलं, लागू दे, चालतो वर्षभर.

भटू : वर्ष शेठकडे नाहीये.

निंबा : माझ्याकडे तरी कुठे आहे? सुभद्रा, हा शर्ट धर. उघड्या अंगाने जातो. कापडाची तेवढी जाडी कमी.

सुभद्राबाई : अहो, बीमचा पत्रा लागेल.

निंबा : लागू दे. ह्या बाजूने नाही झालं, त्या बाजूने जातो.

भटू : हां, असं. डावा खांदा पुढे. श्वास सोड, सगळा सोड... अजून एक पाऊल... अजून...

निंबा : ...

भटू : निंबाभाऊ? बोल ना.

सुभद्राबाई : बोलतील कसे? श्वास सोडलाय सगळा! मागे या. मागे या म्हणते ना! बघा, ओरखडा उठला. रक्त आलं.

निंबा : थोडंसंच. पण गेलो होतो ना, भटू? अर्ध्यापर्यंत गेलो होतो.

भटू : अर्ध्यापर्यंत. आणि लूम चालू असता तर? पट्टा फिरत असता तर? नाही होत रे. मला तुझ्या आतड्यांचं पाप नको. कांडीवर बस, वर्षभर वजन उतरव, मग बघू. तुझे लूम मी कांडीवरच्या लोटूला देतो. काडीसारखा आहे तो.

निंबा : पुन्हा जातो.

भटू : निंबाभाऊ...

निंबा : सांगतोय ना, पुन्हा जातो. दहा वेळा जाईन. माझे लूम आहेत ते. कुठला धागा कधी तुटणार, हे मला नुसत्या आवाजावरून कळतं. लोटूला कळतं का?

सुभद्राबाई : तुम्ही थांबा जरा. बसा त्या स्टुलावर. भटूभाऊ, आता तुम्ही जा.

भटू : मी कुठे जाऊ?

सुभद्राबाई : ह्या वाटेतून. बघू दे मला.

भटू : मला काय होतंय? हे बघा. आलो. हे परत आलो. माझं वजन बावन्न किलो, वहिनी.

सुभद्राबाई : हातात काय होतं?

भटू : हातात? काही नाही.

सुभद्राबाई : आणि लूम चालवताना काय असतं?

भटू : लूम चालवताना... कांड्यांचं खोकं असतं.

सुभद्राबाई : ते कमरेवर घेतात ना? डाव्या?

भटू : तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर आजच आत आल्या.

सुभद्राबाई : ह्यांच्या डाव्या कमरेला घट्टा पडलाय, टाचेवर असतो तसा. बावीस वर्षं त्याला तेल चोळतेय मी. घ्या ते खोकं कमरेवर आणि या चालत.

भटू : येतो की. त्यात काय... थांबा. हे जरा वर धरलं की... नाही, खाली... अरेच्चा!

निंबा : काय झालं? तुला तर पोट नाही.

भटू : खोकं अडकलं.

निंबा : आडवा हो. खेकड्यासारखा सरक.

भटू : गप रे. आडवा झालो तर खोकं कुठे धरू? डोक्यावर? माझा सदरापण गुंतला. वहिनी, तेवढं बटण सोडवा.

सुभद्राबाई : सोडवते. पण आधी सांगा, लोटू येईल का खोकं घेऊन?

भटू : नाही येणार.

सुभद्राबाई : शेठ आले होते का ह्या वाटेतून?

भटू : शेठ स्वतः चालून गेले होते. त्यावरूनच रेघ मारली.

निंबा : रिकाम्या हाताने.

भटू : हो, रिकाम्या हाताने. एका हातात रुमाल होता फक्त.

सुभद्राबाई : म्हणजे रेघच चुकीची मारली. आणि तीन महिने मी ह्यांना अर्धी भाकरी वाढतेय!

निंबा : माझंही डोकं चाललं नाही बघ. घरी कपाटामागे घुसायचो तेव्हा मीही रिकाम्या हाताने घुसायचो. पोटाच्या नादात खोकं विसरलो. बावीस वर्षं ज्याच्याशिवाय एक पाऊल टाकलं नाही, तेच विसरलो.

सुभद्राबाई : किती कमी पडतंय, भटूभाऊ?

भटू : हात लावून बघतो... चार बोटं. फार तर पाच.

निंबा : भिंतीकडे एक वीत आहे.

भटू : तिथे मोडके बीम आहेत. भंगार.

निंबा : भंगार काढलं की वीत मोकळी. नवे चार लूम भिंतीकडे चार-पाच बोटं सरकतील. पाय अजून सिमेंटात नाहीत. उद्या गवंडी आला की मग देवाच्यानेही नाही सरकायचे. आजच काय ते होईल.

भटू : शेठला विचारल्याशिवाय? ना भो. मला घरी बसवतील ते. माझीपण पोरं आहेत.

सुभद्राबाई : दोन वर्षांपूर्वी प्लेगात अख्खा कारखाना गाडीला लोंबकळून गावी पळाला. तुम्हीपण पळालात. शेठही पळाले. मागे लूम गंजू नयेत म्हणून रोज येऊन तेल कोणी घातलं?

भटू : निंबाभाऊने.

सुभद्राबाई : तेव्हा शेठला विचारलं होतं का कोणी?

निंबा : सुभद्रा, ते नको काढू. भटू, ऐक. तू शेठची रेघ पुसू नकोस. तशीच राहू दे. रेघ एकीकडे आणि लूम चार बोटं पलीकडे, शेठला येताक्षणी दिसू दे. विचारतील, कोणी सरकवले? तू गप्प राहा. मी सांगेन, मी सरकवले. मग ते खोकं त्यांच्या कमरेवर ठेवीन आणि म्हणेन, जुन्या रेघेच्या मापाने चालून दाखवा.

भटू : तू शेठच्या कमरेवर खोकं ठेवशील?

निंबा : ठेवीन. चालले तर मी आपणहून कांडीवर बसेन.

भटू : पहार जिन्याखाली आहे. आण. वहिनी, ते सुताचे रिकामे कोन बाजूला करा. मी बीम उचलतो.

सुभद्राबाई : केले. आता?

भटू : आता पहार लूमच्या पायाखाली घातली. दाबतो. एक, दोन... हुं... एक, दोन...

सुभद्राबाई : हलतपण नाही.

भटू : जड आहे हो. चार माणसं लागतील.

निंबा : सरक बाजूला. दे इकडे.

भटू : तू उपाशी आहेस.

निंबा : उपाशी असलो तरी चौऱ्याऐंशी आहे. सोड पहार.

भटू : अरे... अरे! सरकला! वहिनी, सरकला बघा!

सुभद्राबाई : बघतेय. अजून बोटभर. हं, बास. आता ती बाजू.

भटू : तीन महिने उगाच कमी करत बसलास रे, निंबाभाऊ.

निंबा : बोलू नकोस, हसायला आलं की जोर जातो. दुसऱ्याकडे चल.

भटू : झाला. तिसरा... तोही झाला. हा शेवटचा, हळू, मोटर सांभाळ... बास! बास! पाच बोटं झाली.

सुभद्राबाई : आता खोकं घ्या. डाव्या कमरेवर. आणि या माझ्याकडे.

निंबा : येतो. भटू, तिकडचा दिवा लाव जरा. ह्या नव्या लूमला आधी तेल द्यावं लागेल, नाहीतर पहिल्याच ताग्याला रडेल. आणि त्या तिसऱ्याची मोटर तपासून घे...

भटू : निंबाभाऊ.

निंबा : काय?

भटू : तू पलीकडे पोचलास.

निंबा : पोचलो?

सुभद्राबाई : पोचलात. श्वास धरला होता का?

निंबा : नाही ग. बोलत बोलत आलो.

भटू : नाव लिहितो. आठ लूम, निंबा. शेठचं परवा बघू. मी पण उभा राहीन तुझ्याबरोबर, गप्प नाही राहणार.

सुभद्राबाई : चला आता. शर्ट घाला. रिक्षा करू.

निंबा : रिक्षा नको, चालत जाऊ. डॉक्टरने वर्ष सांगितलंय, तीनच महिने झालेत. शेठसाठी नाही, आता माझ्यासाठी. पायऱ्या चढताना दम लागतो मला.

सुभद्राबाई : चला चालत. पण घरी गेल्यावर एक करंजी खायची. एकच. नाही म्हणायचं नाही.

निंबा : खाईन. दे शर्ट. काय करतेस? आत्तापण हुंगतेस?

सुभद्राबाई : कुठे काय?

निंबा : रोज घरी आलो की हुंगायचीस. खुंटीला लावायच्या निमित्ताने. मला दिसायचं.

सुभद्राबाई : दिसायचं तर बोलले का नाहीत?

निंबा : काय बोलणार? बायकोचा आपल्यावर भरवसा नाही, हे तोंडाने कशाला विचारायचं.

सुभद्राबाई : भरवसा नव्हता कोण म्हणतं? अर्ध्या भाकरीवर बारा तास माणूस चालत्या लूमपाशी उभा असायचा. चक्कर येऊन पट्ट्यात गेला असता तर? शर्ट हातात घेतला की वाटायचं, देवा, आज तरी ह्याला लोचोचा वास येऊ दे.