चावणारा जोडा

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे श्री. दीपकराव नागवेकर, प्रमुख पाहुण्या, आपल्या सगळ्यांचे गुडघे आणि कंबरा ज्यांच्या हातात आहेत त्या फिजिओथेरपिस्ट डॉ. मृणाली, आजचे सत्कारमूर्ती श्री. रावजी निवेंडकर आणि त्यांच्या शेजारी अंग चोरून बसलेल्या सौ. चिमाताई; सडा गोल्फ मंडळाचे सगळे पांढरे केस, आणि चहाकडे एक डोळा ठेवून का होईना, पण शांतपणे बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

संदेश, माइक जरा खाली घे बाबा. हां, बास. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, मला खरं तर माइक लागत नाही. पण मागच्या रांगेतल्या मंडळींना डुलकी लागू नये म्हणून असू दे.

पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मनोगत’ असं छापलंय. छापणाऱ्याला कल्पना नसेल, पण शब्द अगदी बरोबर पडलाय. रावजींचं कौतुक मी करणारच आहे. पण त्यासोबत मला एक कबुली द्यायची आहे, आणि ती ज्यांना द्यायची ते गृहस्थ पहिल्या रांगेत, डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसलेत. आमचे हे. श्री. आत्माराम शिरधनकर, बोटीवरचे निवृत्त चीफ इंजिनीअर. अहो, कानातलं यंत्र चालू आहे ना? बघा एकदा. सहा वर्षं तुमच्यापासून एक गोष्ट लपवून ठेवलीय मी. रावजी सोमवारी नाशिकला मुलीकडे कायमचे निघाले. या गोष्टीला दुसरा साक्षीदार नाही. मग आज नाही बोलायचं तर कधी?

रावजी, मान हलवू नका. काल तुम्ही ‘नको बाई’ म्हणालात ते मी ऐकलंय. पण आज माइक माझ्या हातात आहे.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी थोडं सांगते. रत्नागिरीत गोल्फ कुठला, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. आमच्या गावाच्या वर सडा आहे. नुसता जांभा कातळ, पावसाळा सरला की त्यावर गुडघाभर वाळकं गवत. बोटीवरून निवृत्त झालेल्या पाच-सहा जणांनी, देशोदेशीच्या बंदरांत हा खेळ बघितलेला, तिथलं गवत कापलं, सहा खड्डे खणले, भोवती वाळू टाकली आणि त्याला गोल्फचं मैदान म्हणायला सुरुवात केली. पुढारी आमचे हे. रावजी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा अर्धा तास सगळ्यांच्या मागे मागे फिरले. मग म्हणाले, “चीफ, येवढा लांब मारायचा, नि मग सगळ्यांनी मिळून तो शोधायचा, असा खेळ हाय काय ह्यो?” यापेक्षा चांगली व्याख्या मी अजून ऐकलेली नाही.

हसा, हसा. पुढे हसायला फारसं नाहीये.

सहा वर्षांपूर्वी डिसेंबरात हे सड्यावर पडले. काठी पूर्ण फिरवली, अंग वळलं आणि पाय निसटला. सोबतचे पुढच्या खड्ड्याकडे गेले होते. गवतात पडलेला माणूस लांबून दिसत नाही. वीस मिनिटं हे कातळावर पडून होते. मनगट मोडलं. घरी आणलं तेव्हा शर्टाला तांबडी माती आणि तोंडावर हसू, “काही नाही गं, घसरलो.” मी तो शर्ट तीनदा धुतला, पण डाग गेला नाही.

फेब्रुवारीत प्लास्टर निघालं. दुसऱ्याच दिवशी यांनी जाहीर केलं, की हातखंब्याच्या तिठ्यावर रावजींच्या चपलांच्या दुकानात जाऊन नवीन बूट करून घेणार, आणि पुन्हा सड्यावर जाणार. मी भांडले. मुंबईहून मुलगा फोनवर भांडला. हे आपले आकाशवाणी ऐकत बसले.

मग मी काय केलं? यांच्या आधी, एक दिवस, तुटलेल्या चपलेचं निमित्त करून मी एकटी एसटीनं हातखंब्याला गेले. रावजी आरी घेऊन माझ्या चपलेचा पट्टा शिवत होते. मी म्हटलं, “रावजी, उद्या आमचे हे येतील. त्यांना बूट करून द्या, पण असे द्या, की चावले पाहिजेत. चार दिवसांत त्यांनी काढून कोपऱ्यात टाकले पाहिजेत. आणि मी आले होते हे त्यांना कळता कामा नये.”

होय. मीच ते. शाळेत ‘खरे बोलावे’ फळ्यावर लिहून घेणारी शिरधनकर बाई.

रावजींनी टाका ओढला. पट्टा दोनदा ताणून बघितला. म्हणाले, “बाई, वाईट जोडा करायला काय अक्कल लागत नाय. पण माजा हात तसा चालायचा नाय.” मी हट्टानं उभीच राहिले. तेव्हा त्यांनी वर बघून मला विचारलं, “चीफ पडतात म्हणून सांगताय, का जातात म्हणून?”

मंडळी, मी हजारो पोरांना प्रश्न विचारले. मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. कारण खरं उत्तर दुसरं होतं. चौतीस वर्षं हे बोटीवर. नऊ-नऊ महिने. मुलाचा गोवर, सासूबाईंचं शेवटचं आजारपण, घरावरची कौलं, सगळं मी एकटीनं काढलं. वाटायचं, एकदा निवृत्त झाले की सकाळचा चहा दोघांनी पडवीत बसून प्यायचा. आणि निवृत्त होऊन घरी आलेला माणूस सहा वाजता पाठीला काठ्यांची पिशवी लावून सड्यावर जायला निघाला! पडण्याची भीती होतीच हो. पण त्या भीतीआडून मला त्यांना घरी बसवायचं होतं. हे मी आज पहिल्यांदा मोठ्यानं बोलतेय.

त्या दिवशी मी चप्पल घातली आणि निघून आले.

दुसऱ्या दिवशी हे गेले. तिथे काय झालं ते मला यांच्याकडूनच कळलं. यांचे परदेशातले बूट रावजींनी उलटे करून बघितले. खाली लोखंडी खिळे, आत जाड मऊ गादी. म्हणाले, “हे हिरवळीवरचे. कातळावर खिळा रुतत नाय, घसरतो.” मग दुकानापुढे ओली तांबडी माती पसरली, यांना अनवाणी उभं केलं, हातात छत्री दिली, आणि म्हणाले, “मारा.” तिठ्यावर एसटीची वाट बघणारी पंचवीस माणसं, आणि आमचे चीफ इंजिनीअर छत्रीनं नसलेला चेंडू मारतायत! दहा वेळा. रावजी मांडी घालून मातीतले ठसे वाचत होते. डाव्या पायाचा अंगठा उमटतच नव्हता, सगळा भार बाहेरच्या कडेवर. “चीफ, तुमचे पाय झोपलेत,” रावजी म्हणाले. “खालची जमीन त्यांना कळत नाय. त्यात तुम्ही त्यांना गादीवर ठेवलंय.” पुढे मृणालीताईंनी हेच आम्हाला तपासणी करून, तक्ते दाखवून समजावलं. साखरेमुळे आणि वयामुळे तळव्यांची जाणीव कमी होते. पण तिठ्यावर निदान आधी झालं होतं, ताई, रागावू नका.

पहिला जोडा आला. पातळ, घट्ट तळ, टाच पक्की धरलेली, चवड्याकडे रुंद, बोटांना ऐसपैस जागा, आणि खाली ट्रकच्या टायरचं रबर, कातळाला असं धरणारं की बस. तिसऱ्या दिवशी हे लंगडत घरी. गुडघा पिळवटलेला.

आता माझं पाप ऐका. गुडघा बघितल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं? रावजींनी माझं ऐकलं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं आलं: मी चावरा जोडा मागितला होता, हे काय झालं? चार दिवस मी गरम पाण्याची पिशवी धरून बसले. हे म्हणायचे, “किती करतेस गं माझं.” मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पाचव्या दिवशी दुकान बंद ठेवून रावजी आमच्याकडे आले. पायरीवरच उभे. म्हणाले, “चीफ, चूक माजी. मी पायाला जमिनीशी बांधून टाकला. अंग फिरलं, पाय फिरला नाय, मग मधी गुडघा सापडला.” मला वाटलं, माझ्यावर पांघरूण घालतायत. निघताना फाटकाशी गाठून मी विचारलं, “रावजी, मी सांगितलं म्हणून केलंत का हे?”

त्यांचा चेहरा असा उतरला! “बाई,” ते म्हणाले, “पंचवीस वर्षं माज्या हातच्या चपला घालताय. येवढंच वळखलंत?”

रावजी, त्या फाटकाशी मी तुमची माफी मागितली नाही. ती आज, या सगळ्यांसमोर मागते. वाईट काम सांगायला मी आले, नकार तुम्ही दिलात, आणि संशयही मी तुमच्यावरच घेतला. एवढं करून सहा वर्षं तुम्ही माझं गुपित सांभाळलंत. चिमाताईंनासुद्धा सांगितलं नव्हतंत ना? बघा, त्या तोंडाला पदर लावून बसल्यात.

दुसऱ्या जोड्याला रावजींनी महिना घेतला. आणि तो जोडा म्हणजे, काय सांगू, दोन वेगवेगळे बूट! उजव्याला आतल्या कडेनं रबराच्या धारा, रेटा द्यायला. डाव्याचा तळ बाहेरच्या बाजूनं बोटभर रुंद, म्हणजे भार तिकडे गेला तरी कलंडणार नाही. आणि डाव्याच्या चवड्याखाली रुपयाएवढा भाग अगदी गुळगुळीत, अंग वळलं की पायालाही वळू द्यायला. मी म्हटलं, “रावजी, जोडीतले दोन सारखे नकोत?” तर म्हणाले, “दोघांना काम निराळं, बाई. सारखे कशाला हवेत?” ते बुटांबद्दलच बोलत होते. मी मात्र घरी येईपर्यंत त्यावर विचार करत होते.

त्या दिवसापासून आजपर्यंत आमचे हे पडलेले नाहीत. एकदाही नाही. एका पायावर तीन सेकंद उभे राहायचे, ते अकरा सेकंद राहतात, मृणालीताईंच्या घड्याळावर. चेंडू पूर्वीइतका लांब जात नाही, पण निदान शोधायला सोपा झालाय. आणि समोरच्या दोन रांगांत बसलेल्यांचे पाय बघा, निम्म्या पायांत रावजी आहेत. मीही आता सकाळी सड्यावर जाते. खेळत नाही, मला वेड नाही लागलेलं. थर्मास घेऊन जाते. तिसऱ्या खड्ड्याशी दगडावर बसून आम्ही दोघं चहा पितो. पडवीत प्यायचा होता तो चहा मला तिथे मिळाला. रावजी, तुम्ही माझं ऐकलं असतंत, तर हे घरात बसले असते, आणि मला वाटतं, माझ्याशी बोलले नसते.

आता रावजींचा उजवा हात थरथरतो, आरी सरळ जात नाही. म्हणून दुकान बंद. काल ते घरी आले आणि पिशवीतून हे काढून दिलं. दिसतंय का मागे? लाकडाचे दोन पाय. आमच्या यांचा फर्मा, ज्यावर चढवून बूट शिवतात तो. डाव्याला बाहेरून चामड्याची चकती डकवलेली आहे. म्हणाले, “बाई, पुढे कोणाकडूनही करून घ्या, फक्त त्याला हे दाखवा.” चौतीस वर्षं ज्या पायांची वाट बघितली, ते कुणीतरी माझ्या हातात आणून दिले. मी काल स्वयंपाकघरात जाऊन रडले.

भाषण लांबलं, संपवते. सभागृह दिलं त्या मंडळाचे, चहा करणाऱ्या भगिनींचे, आणि आपण सगळ्यांनी निमूट ऐकलंत त्याबद्दल आपले मनापासून आभार. शेवटी बोलण्यातलं चुकलं-माकलं पदरात घ्या, अशी विनंती करायची पद्धत आहे. तुमच्याकडे ती मी पद्धत म्हणून करते. पण डावीकडून तिसऱ्या खुर्चीला खरोखरीची करते. अहो, चुकलं माझं.

आता शाल द्यायची आहे. इथे व्यासपीठावर समई लावलीय म्हणून वर आलेल्या आपण सगळ्यांनी पायताणं खाली काढली, आणि बिनकठड्याच्या या तीन पायऱ्या अनवाणी चढता येत नाहीत म्हणून गोल्फ मंडळ काढणारे आमचे हे खाली बसलेत. अध्यक्षमहाराज, मी परवानगी मागते. ज्यांचा सत्कार करायला आपण जमलो, त्यांचं काम पायऱ्यांखाली का ठेवायचं? यांना बूट घालून वर येऊ द्या. माफ केलं असेल तर शाल यांच्या हातून जाईल. नसेल केलं, तर यांनी बसून राहावं, मी एकटी देईन, माझी तक्रार नाही.

अध्यक्षांनी मान डोलावली. आभारी आहे.

हे उठले.

संदेश, तू मध्ये जाऊ नको, हात देऊ नको. रावजी, तुम्हीपण बसा. अहो, सावकाश. उजवा आधी, मग डावा. घाई नाही, हॉल सहा वाजेपर्यंत आपलाच आहे.