बेडकांची टाकी आणि माझा अंगठा

नाही, पण माझा अंगठा म्हणजे काय कोर्टातला पुरावा आहे का हो? हा अंगठा बघा! आता गुळगुळीत दिसतोय, पण तेव्हा इथे चामखीळ होती, हरभऱ्याएवढी, बारा वर्षांची, कुणाच्या अध्यात ना मध्यात... आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीसाहेबांनी माझा हात धरून असा वर केला, "पाहिलंत? आपल्या पंपवाल्याच्या हातावर बेडूक मुतलाय! उद्या तुमच्या मुलांच्या!" झालं! तळमजल्यावरच्या काकू किंचाळल्या, "अगं बाई, ते डोळ्यांत थुंकतात म्हणे, माणूस आंधळा होतो!" तिसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर, शिकलासवरलेला माणूस हो, चष्मा पुसत म्हणाले, "शास्त्रीयदृष्ट्या... छातीवर बसला की श्वास ओढून घेतो." ठराव पास! बागेच्या टाकीत चुना ओतायचा, बेडूक खल्लास. ओतणार कोण? हा अंगठा बघा, म्हणजे अनुभवी माणूस!

आणि तुम्हाला सांगतो, मीसुद्धा घाबरायचो! इतकी वर्षं टाकीतला बेडूक लांब दांड्याच्या जाळीनं काढला, वर दोनदा साबण लावला. तरी चामखीळ आलीच, तो भाग वेगळा.

तर सकाळी चुन्याची बादली घेऊन गेलो, वाकलो... आणि वाकलेलाच राहिलो. अहो, टाकीचा कठडा हलत होता! बघतो तर पिल्लं! हजारो! मुगाच्या दाण्याएवढी, कुणाला अजून शेपटीचा तुकडा लटकलेला, काल माशासारखी पाण्यात पोहत होती आणि आज चार पायांवर जग बघायला निघाली! कुणी शिकवलं? आई नाही, बाप नाही, कुणी पत्ता सांगायला नाही... एक माझ्या हातावर चढलं. कुठे? हा अंगठा बघा, इथे, बरोब्बर चामखिळीवर! झटकणार होतो, तेवढ्यात जाणवलं... वजनच नाही हो त्याला! पण गळ्याखालची एवढीशी कातडी... लपलप, लपलप... श्वास चालू! टाचणीच्या डोक्याएवढा डोळा, त्याला सोनेरी कड, आणि माझ्याकडे बघतंय! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? त्याला अलगद झुडपाखाली सोडलं आणि सेक्रेटरींना म्हटलं, "साहेब, चुना अजून आठ दिवस मुरायला हवा."

आता त्याच आठ दिवसांत चामखीळ गळून पडायची होती का? आमची ही तीन महिने डॉक्टरांचं औषध लावत होती, त्याचं नाव कुणी घेईना! मी बापडा सांगतोय, "औषध, औषध!" पण काकू ओरडल्या, "बेडकानं दिली, बेडकानंच नेली!" आणि दुसऱ्या दिवशी टाकीपाशी रांग! हातात डबे! पिल्लं घरी न्यायला! म्हणजे आधी विषारी म्हणून मरणार होती, आता औषधी म्हणून! मास्तर बरणीला भोकं पाडून आलेले!

काय करणार? हा अंगठा वर केला आणि दिलं ठोकून, "खबरदार! यांना हातात घेऊन टाकीपासून हलवलं की चामखीळ उलटते, थेट नाकावर!" एका क्षणात डबे रिकामे! मास्तर मान डोलवत म्हणाले, "शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे." सेक्रेटरींनी तर पाटी लावली, "बेडकांना हात लावू नये."

वाचली हो, सगळी वाचली. टाकीतले मोठे बेडूक रात्रभर ओरडतात, मी खिडकी उघडी ठेवून ऐकतो. थाप माझीच, मला पक्कं ठाऊक आहे. पण त्या सकाळी एकाला मी हातानं झुडपाखाली नेलं होतं ना... अंगठा राहू द्या आता. जरा इकडे उजेडात या आणि हे नाक बघा... काही दिसतंय का?